गंजगोलाईतले गुप्तहेर: पात्राचा रंग राखायचा की सगळं दानावर सोडायचं?

गोलाईकर

लातूरच्या गंजगोलाईवर बेतलेला सहकारी पटखेळ करतोय. काळ निजामशाहीतला, १९३५ च्या आगेमागे. तीन खेळाडू मिळून एका आडतीवरच्या चोरीचा छडा लावतात. पट म्हणजे गोलाईच: १६ रस्ते, प्रत्येकाच्या तोंडाशी एक घर, मध्ये गोल इमारत. एकूण ८ फेऱ्या आणि दर फेरीत प्रत्येकाला २ चाली, म्हणजे डावात सगळ्या मिळून ४८ चाली. एका चालीत २ घरं सरकता येतं किंवा एक तपास करता येतो. ९ पुरावे जमले की आरोपीचं नाव घ्यायचं.

तपास असा: २ फासे टाकायचे, एकावर तरी ५ किंवा ६ आला तर पुरावा मिळाला. नाही आला तर चाल वाया. आपल्या विषयातला पुरावा असेल तर ३ फासे. पात्रं पाच:

मुनीम (मोडीतल्या वह्या), पेशकार (कचेरीतले उर्दू कागद), सुईण (घरांच्या आतल्या खोल्या), गस्तवाला (रात्रीची गस्त), टांगेवाला (दर पाळीत २ घरं फुकट).

आता अडचण. मुनीम वहीपुढे बसतो, ३ फासे टाकतो आणि वाचता येत नाही! जन्मभर रोकड लिहिलेला माणूस. खेळणारे हसतात आणि तिथंच गोष्टीची हवा जाते. बरं, मुनिमाला फासे माफ करावेत तर पेशकार घेणारा म्हणतो मलाही माफ करा. मग फासे ठेवायचे कशाला? आणि टांगेवाल्यासाठी दर डावात ओढाताण होते ती वेगळीच.

पात्राला पात्रासारखं वागू द्यायचं आणि नशिबाचा भागही ठेवायचा, याचं माप कसं लावता?

---

आडत_दुकान

आधी चालीत हिशेब करा. "हे पात्र भारी वाटतं" याला अर्थ नाही. त्या पात्रामुळे डावात किती चाली वाचतात, तेवढंच त्याचं मोल.

२ फाशांवर किमान एक ५/६ येण्याची शक्यता ५/९, म्हणजे ५६ टक्के. एका पुराव्याला सरासरी ९/५ = १.८ चाली लागतात. ३ फाशांवर शक्यता १९/२७, म्हणजे ७० टक्के, आणि सरासरी १.४२ चाली. तिसऱ्या फाशाने एका पुराव्यामागे ०.३८ चाल वाचली. ९ पैकी ३ पुरावे मुनिमाच्या विषयातले धरले तर अख्ख्या डावात त्याचा फायदा सव्वा चालीच्याही आत!

फासे पूर्ण माफ केले तर १.८ ची १ चाल होते. तीन पुराव्यांवर २.४ चाली वाचल्या. ४८ मधल्या २.४. ज्याला तुम्ही "अति होईल" म्हणून घाबरताय ते एवढंच आहे.

आता टांगेवाला बघा. दर पाळीत २ घरं फुकट म्हणजे दर फेरीत एक चाल शिल्लक. ८ फेऱ्यांत ८. मुनिमाच्या तिप्पट-चौपट. ओढाताण होणारच की. बहुतेक तपासखेळांत हेच होतं: करणारा माणूस तपासाच्या ताकदीकडे डोळे लावून बसतो आणि चालण्याची ताकद फुकट वाटून टाकतो.

अजून एक. २ फाशांवर ओळीने तीनदा हुकण्याची शक्यता ६४/७२९, सुमारे ९ टक्के. ऐकायला कमी. पण डावात ९ पुरावे आहेत, आणि त्यातला एक तरी पुरावा तीनदा हुलकावणी देईल अशी शक्यता ५६ टक्के निघते. म्हणजे निम्म्याहून जास्त डावांत कुणीतरी एक माणूस दीड पाळी नुसता फासे आपटत बसणार. खेळणाऱ्याच्या लक्षात तेवढंच राहतं, सरासरी कुणी लक्षात ठेवत नाही.

---

मोडी_वाचक

गणित बरोबर आहे. पण त्याच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा: फासा नेमका कशाचा टाकताय?

मुनिमाला मोडी वाचता येते की नाही, याचा फासा टाकला तर तो मुनीमच राहत नाही. पण दुकानदार आपली वही दुसऱ्याच्या मुनिमाच्या हातात देईल का? हे मुनिमाच्या हातात नाही. इथं फासा शोभतो. तसंच पेशकाराचं. निजामाच्या राज्यात कचेरीचा कारभार उर्दूत, त्यामुळे कागद हातात पडला की पेशकार तो घडाघडा वाचणार. तो कागद दप्तरातून बाहेर येतो का, हा प्रश्न. सुईण घरात जाणारच, तिला कोण अडवणार? पण सासूसमोर सून तोंड उघडेल का?

माणसाचं कसब निश्चित ठेवा. नशीब ठेवा समोरच्याच्या मर्जीवर, वेळेवर, हवेवर. पात्राच्या पत्त्यावर (कार्डावर) "हा काय करू शकतो" असं एक वाक्य लिहा आणि त्या वाक्यातल्या क्रियापदाला फासा लावू नका. एवढी चाळणी लावली की निम्मी भांडणं मिटतात.

भूमिकाखेळांत, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र वठवायच्या खेळांत, हा वाद जुना आहे. 'कॉल ऑफ कथुलू' १९८१ चा. त्यात लपलेली वस्तू दिसते का हे शंभराच्या फाशावर ठरतं. दान हुकलं आणि सूत्रधाराने (खेळ चालवणाऱ्याने) दुसरी वाट ठेवली नसेल तर गोष्ट अडून बसते. २००७ मध्ये खेळरचनाकार रॉबिन लॉज यांनी 'गमशू' पद्धत आणली ती यावरच: योग्य कसब असलेलं पात्र योग्य जागी गेलं की मुख्य पुरावा मिळतोच. गुण खर्च केले की त्यावर जास्तीची माहिती. फासे उरतात ते मारामारी, पाठलाग, भीती यांना.

आणि कसब निश्चित करताना त्याची हद्दही ठरवा, नाहीतर ते फुगतं. तुमच्याकडे ती हद्द आयतीच आहे. गंजातल्या सगळ्या वह्या मोडीत थोड्याच असतील? मारवाडी पेढीवरची वही महाजनी लिपीत. तुमचा मुनीम तिथं इतरांसारखाच. वहीच्या ५ पत्त्यांपैकी ३ मोडी आणि २ महाजनी करा. पत्त्याच्या कोपऱ्यात लिपीची खूण ठेवा, वर शिरोरेघेचा तुकडा दिसला की मोडी. महाजनीला तशी रेघ नसते, त्यामुळे लांबूनही फरक कळतो.

---

तिरपागडं

फासेच काढून टाका की राव. तपास म्हणजे डोकं चालवणं. ज्याला दान टाकायचंय त्याने सारीपाट खेळावा.

---

आडत_दुकान

@तिरपागडं, काढता येतात, पण मग नशीब दुसरीकडून आणावं लागतं. 'क्लूडो' (१९४९) हा खुनाच्या तपासाचा पटखेळ बघा. ६ संशयित, ६ हत्यारं, ९ खोल्या: ३२४ जोड्या. २१ पत्त्यांतले ३ पाकिटात (तेच उत्तर), १८ वाटले. नशीब सगळं त्या वाटपात आहे, फासे नुसते चालण्यापुरते. आणि त्याची किंमत कुठं मोजलीय? सुरुवातीची जागा आणि पहिली पाळी सोडली तर मूळ नियमात सहाही पात्रं अगदी सारखी. रंग वेगळा, काम एकच. गोलाईकरांना पात्रंच तर हवी आहेत.

फासे नाहीत आणि वाटपही नाही असं केलं तर उरतं कोडं. एकदा सुटलं की कपाटात.

---

फाशांचा_डबा

मोडी_वाचकांचं म्हणणं पुढं नेतो. दान कशाचं टाकायचं ते ठरलं. पण हुकलं की काय होतं? सध्याच्या नियमात हुकलं की काहीच होत नाही, आणि सगळ्यात वाईट भाग तोच. "काहीच झालं नाही" हा निकाल पटावरून काढून टाका.

असं करा. पुरावा कायम मिळतो. दान लागलं तर गुपचूप मिळतो. हुकलं तर मिळतो, पण बोभाटा होतो. पटाच्या कडेला बोभाट्याची पट्टी आखा आणि हुकलेल्या प्रत्येक दानाला सोंगटी एक घर पुढं. सोंगटी टोकाला गेली की चोर गाव सोडून पळाला, डाव संपला.

पट्टी किती घरांची, हे अंदाजाने ठरवू नका. सगळे २ फासे टाकताहेत, दर दानाला बोभाट्याची शक्यता ४/९, आणि दानं ९. सरासरी ४ बोभाटे होतात. टोकाला जाण्याची शक्यता अशी:

पट्टी ५ घरांची: ३७ टक्के
पट्टी ६ घरांची: १६ टक्के
पट्टी ७ घरांची: ५ टक्क्यांच्या आत

७ वर धाक राहत नाही. ५ वर तीनातला एक डाव निव्वळ दानाने जातो, लोक वैतागतात. पहिल्यांदा खेळणाऱ्यांना ६ आणि सरावलेल्यांना ५, असं मी ठेवेन. एका घराचा फरक केवढा पडतो बघा, म्हणून पट्टी छापण्याआधी हे आकडे काढायचे.

एक परिणाम मात्र विसरू नका. आधी ९ पुराव्यांना सरासरी १६ चाली लागत होत्या, आता ९ च लागतील. ७ चाली मोकळ्या झाल्या. ८ च्या ७ फेऱ्या करा, म्हणजे ४२ चाली. नाहीतर शेवटच्या फेरीत सगळे बिड्या ओढत बसतील.

---

गोलाईकर

बोभाटा आवडला! एकदम गावातला शब्द आहे.

कागदावर असं मांडलं: मुनिमाला मोडी वहीला दान नाही, बाकी सगळ्यांना आहे. पट्टी ५ घरांची. पटतंय का? आणि फाशांऐवजी कवड्या वापरल्या तर? काळाला शोभतील.

---

आडत_दुकान

नाही, इथं गडबड आहे. मुनिमाला ३ पुराव्यांवर दान माफ केलं की डावातली दानं ९ ची ६ झाली. ५ घरांच्या पट्टीवर टोकाला जाण्याची शक्यता ३७ वरून साडेसहा टक्क्यांवर येते. मुनीम घेतला की बोभाट्याचा धाकच संपला. चालींच्या हिशेबात हेच माफीपत्र २.४ चालींचं, म्हणजे किरकोळ होतं. नियम बदलला की तीच ताकद कुठल्या कुठं जाते. म्हणून बोभाट्यासारखी नवी पट्टी आणली की पाचही पात्रांचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

उपाय वर मोडी_वाचकांनी सांगितलाच आहे: वही मिळवण्याचं दान मुनिमालाही टाकू द्या. हुकलं तर बोभाटा त्याचाही. फरक वाचण्यात दाखवा. वहीच्या गठ्ठ्यातून इतरांना एक नोंद दिसते. मुनीम मोडी वहीत दोन नोंदी पाहतो, एक ठेवतो, दुसरी गठ्ठ्याच्या तळाशी. दानं ९ च राहतात, पट्टी हलत नाही आणि मुनीम मुनिमासारखा दिसतो.

दोन पाहून एक ठेवण्याला जोर तेव्हाच येतो जेव्हा नोंदी कमी-जास्त मोलाच्या असतात. सगळ्या नोंदी सारख्याच असतील तर ती ताकद नुसती शोभेची. गठ्ठ्यात काही नोंदी अशा ठेवा ज्या एकच संशयित खोडतात, काही दोन खोडणाऱ्या, आणि एखादी निव्वळ उधारी-उसनवारीची.

---

मोडी_वाचक

बाकी पात्रांसाठी त्याच चालीवर:

पेशकार: कागद मिळवताना एक हाली रुपया (निजामाचं नाणं) खर्चून तिसरा फासा घ्यायचा. ५६ चे ७० टक्के. डावाला ३ रुपये, जास्त नाही. दप्तरी कारकुनाचा हात ओला केल्याशिवाय कागद हलत नाही हे सांगायला वेगळी गोष्ट लिहावी लागत नाही, रुपयाच बोलतो.

गस्तवाला: रात्रीच्या गस्तीत एक हुकलेला फासा पुन्हा टाकायचा. गंमत अशी की गणिताने हे तंतोतंत तिसऱ्या फाशाएवढंच आहे, तेच १९/२७. हातात मात्र वेगळं वाटतं, कारण आधी हुकतं आणि मग वाचतं. बैठकीतला आरडाओरडा याच दानाला होतो. पण एकाच पात्राला दोन्ही देऊ नका. चौथ्या फाशाएवढी ताकद होते आणि शक्यता ८० टक्क्यांवर जाते.

सुईण: घराच्या आत दान हुकलं तरी बोभाटा नाही, कारण तिच्या येण्याजाण्याची चर्चा होत नसते. ही ताकद वरच्या मुनिमाच्या माफीसारखीच धोक्याची आहे. म्हणून "बोलावणं" नावाचे २ पत्ते द्या. पत्ता टाकला तरच ताकद लागू. तीन घरांवर ती मोकळी सोडली तर सरासरी १.३ बोभाटे वाचतात. दोन पत्त्यांवर, ते दानाआधी टाकायचे असतील तर, आकडा एकाच्या आत राहतो.

आणि "तिला संशय येतो", "त्याला माणसं ओळखता येतात" असल्या ताकदी लिहू नका. पटावर ज्याची खूण दाखवता येत नाही ते पत्त्यावर येऊ नये.

---

फाशांचा_डबा

कवड्यांबद्दल: दिसायला झकास, हिशेबाला वाईट. फासा सहा बाजूंनी सारखा असतो, कवडी नसते. पाठ फुगीर, तोंडाकडची बाजू चपटी, आणि प्रत्येक कवडीचा आकार वेगळा. चार कवड्यांत किमान दोन उताण्या पडल्या की यश, असा नियम समजा. उताणी पडण्याची शक्यता निम्मी असेल तर यश ६९ टक्के. तीच शक्यता ४० टक्के असेल तर यश ५२ टक्के. खोक्यातल्या कवड्या बदलल्या की तुमचा खेळच बदलला. लातुरात जमलेला डाव नांदेडच्या खोक्यात जमणार नाही.

वापरायच्याच असतील तर पहिला खेळाडू ठरवायला किंवा बोभाट्याच्या सोंगट्या म्हणून वापरा. तपासाला फासेच.

फासे जत्रेतले किंवा स्वस्त पाकिटातले असतील तर तपासून घ्या. एक फासा ३०० वेळा टाका आणि प्रत्येक आकडा किती वेळा आला ते लिहा. सरासरी ५० यायला हवा. ३७ ते ६३ च्या मध्ये असेल तर चिंता नको. ६ चा आकडा ७० च्या वर गेला तर तो फासा पोरांना खेळायला द्या. ताटात टाकू नका, ताटाच्या कडेला टेकून फासा अर्धवट उभा राहतो आणि भांडणं होतात. खोक्याच्या झाकणात जाड कापड चिकटवलं की पुरे.

---

तिरपागडं

टांगेवाला राहिलाच की. आठ चाली वाचवतो म्हणालात आणि सगळे वह्यांत घुसले.

---

आडत_दुकान

बरोबर पकडलं. त्याचं उत्तर पटाच्या आकारातच आहे.

१६ घरांच्या गोलावर मधला रस्ता बंद असेल तर एका घरापासून बाकीच्या १५ घरांचं सरासरी अंतर ४.२७ घरं. चालीला २ घरं, म्हणजे सरासरी २.४ चाली. फार जड. पाळीच्या दोन्ही चाली चालण्यातच जातात. म्हणून गोल इमारतीतून आरपार जाऊ द्या: रस्त्यावरून मध्ये, मधून कुठल्याही रस्त्यावर, ही २ घरं, म्हणजे एकच चाल. आता कुठूनही कुठं जायचं तर एक चाल पुरते. पट हलका झाला.

पण तुमच्या नियमात टांगेवाल्याला २ घरं फुकट आहेत. मधला रस्ता उघडल्याबरोबर तो कुठंही फुकट पोचतो! इतरांना पाळीत एक चाल चालायला आणि एक तपासाला, याला मात्र दोन्ही चाली तपासाला. हा माणूस खेळ मोडणार.

मग टांगा इमारतीतून जाणार कसा, हे विचारा. घोडं घेऊन आत शिरता येत नाही. टांग्याची फुकट २ घरं फक्त बाहेरच्या गोलावर. मधून जायचं तर टांगा सोडून पायी, इतरांसारखी एक चाल खर्चून. आता १५ पैकी ४ च घरं त्याच्या फुकटच्या टप्प्यात येतात, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे. जायचं घर कुठलंही असू शकतं असं धरलं तर ७ फेऱ्यांत ७ ऐवजी जेमतेम २ चाली वाचतात. हुशार खेळाडू जवळची घरं निवडून ते ३ पर्यंत नेईल, आणि ते त्याचं कसब म्हणून सोडून द्यावं. ताकद कापली, पण पत्त्यावरचा एक शब्दही खोटा झाला नाही.

बाजाराच्या दिवशी, म्हणजे फेरी ३ आणि ६ ला, इमारत गर्दीने बंद ठेवा. पायी जाणारे अडकतात आणि टांगेवाल्याचा भाव त्या दोनच फेऱ्यांत वधारतो. हे पत्ता ओढून ठरवू नका, पटावरच छापा. आधीपासून माहीत असलं की खेळाडू त्यासाठी जुळवाजुळव करतात.

---

गोलाईकर

टांगा इमारतीत शिरत नाही, हे लिहून घेतलं. बाजाराच्या दिवशी बाहेरच्या गोलावरही गर्दी असतेच, तर टांग्याची फुकट घरं २ ची १ करावीत का?

---

आडत_दुकान

नको. आधी २ वरच १० डाव खेळा आणि प्रत्येक डावात टांगेवाल्याने फुकटची घरं किती वेळा वापरली, तेवढंच पटाच्या कोपऱ्यात टिपकं मारून मोजा. ७ फेऱ्यांत ४ च्या वर जात असेल तर १ करा. आणि त्या १० डावांत दुसरं काही बदलू नका, पट्टी मात्र ५ ऐवजी ६ घरांचीच.